पेन्सिलीनं लिहिलेली हजेरी

कलशेट्टी सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर भीमेचं खोरं काढत होते. फोन पर्समध्ये मुका करून ठेवलेला. मधल्या सुट्टीत उघडला, तर आमच्या जुन्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच ओळ होती, ‘आपले कलशेट्टी सर आज सकाळी गेले,’ आणि तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आपणही त्या रांगेत आपले दोन हात ठेवावेत म्हणून बोट पुढे केलं, पण ते दाबलं जाईना. तेवढ्यात मायाक्काचा फोन आला. मायाक्का एसटीत कंडक्टर आहे, त्यामुळे तिचा फोन म्हणजे मागे कायम बसस्थानक. “पद्मे, वाचलंस का गं?” एवढंच म्हणाली. मी हो म्हणाले. तिकडे कुणीतरी तिला मंगळवेढ्याची गाडी कुठं लागते ते विचारलं. तिनं त्याला नीट फलाट सांगितला आणि मग रडायला लागली.

त्याला आता पाच आठवडे झाले. सर ना मोठे लेखक होते, ना त्यांच्या नावानं कुठं पुरस्कार आहे. त्यांच्यावर कुणी लिहिलं नाही तर मुद्दाम कुणाच्या लक्षात यायचं नाही, म्हणून मीच लिहायला बसले. आणखीही एक कारण आहे. त्यांच्याशी मी दोनदा खोटं बोलले होते, आणि ते आता सांगून टाकावंसं वाटतं.

सर आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, अगदी सीमेवरचं. घरात कन्नड, बाहेर मराठी. फळ्यावर मराठी अशी लिहायचे की खडूलाही आपण शुद्ध असल्यासारखं वाटावं, पण बोलताना मात्र वाक्याच्या शेवटी हटकून ‘की’ यायचं आणि कपाळाला आठी पडली की ‘याके?’ यायचं. याके म्हणजे कन्नडमध्ये ‘का?’. दिवसातून इतक्यांदा विचारायचे की माझ्यासारख्या तेलुगू घरातल्या मुलीलाही कन्नडमधला तो एक शब्द पाठ झाला. मुलं त्यांच्या माघारी त्यांना ‘याके सर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी अशी शंका आहे की त्यांना ते आवडायचंही.

आमचा प्रथम वर्ष कलाचा वर्ग म्हणजे अख्खं सोलापूर होतं. भवानी पेठेतल्या विणकरांच्या आम्ही पोरी, उर्दू शाळेतून आलेल्या आणि मराठी बोलताना आधी मनात जुळवाजुळव करणाऱ्या मुली, अक्कलकोटकडची कानडी मुलं, सांगोला-मंगळवेढ्याकडची धनगरांची मुलं. जूनमध्ये बाकावर बसायला जागा नसायची आणि दिवाळीनंतर त्याच बाकावर आडवं होता यायचं. मूल कॉलेज सोडतं ते भांडून किंवा जाहीर करून सोडत नाही. आज नको, उद्या जाऊ, असं करत करत ते सुटतं. आम्ही बाकीचे जरा ऐसपैस बसायला लागायचो, आणि ऑफिसवाले नियमाप्रमाणे मस्टरमधून नाव काढून टाकायचे.

सर काढत नसत. ऑफिसचं मस्टर वेगळं आणि त्यांची स्वतःची, लाल कापडी पुठ्ठ्याची लांबलचक हजेरीवही वेगळी. वहीच्या पाठीला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधलेली. हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यायचे, तेही त्या त्या घरात जसं उच्चारतात तसं. पहिल्याच दिवशी ‘मायाक्का खरात’ असं नाव पुकारलं आणि मागच्या बाकावरची मुलं खिदळली, तेव्हा सरांनी वही मिटली. म्हणाले, “देवीचं नाव आहे. हसायचं असेल तर तिच्या देवळात जाऊन, तिच्यासमोर हसून या की. मी थांबतो.” कुणी गेलं नाही. मायाक्का माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती, आणि त्या दिवसापासून ती मान वर करून बसायला लागली.

आता सरांची पद्धत. नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर त्या मुलाच्या बाकावरच्या शेजाऱ्यानं उठून तो कुठं आहे ते सांगायचं. नुसतं ‘आला नाही सर’ चालायचं नाही. “आला नाही ते मला दिसतंय. याके?” मग शेजारी सांगणार, भावाचं लग्न आहे, मालकानं मागावर दुपारची पाळी लावली, धाकट्याला सांभाळायला कुणी नाही. सर ते कारण त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहायचे. हजर असेल तर शाईची खूण, नसेल तर पेन्सिलीचं कारण. एकदा मी विचारलं, पेननं का नाही लिहीत? म्हणाले, “कारण कायमचं नसतं. खोडता आलं पाहिजे.” आणि आठ दिवस तेच कारण राहिलं, की नवव्या दिवसाच्या आत सरांची एम-एटी गाडी त्या मुलाच्या दारात उभी. आठ दिवसांत गेलं तर मूल दारात भेटतं, पंधरा दिवसांनी गेलं तर त्याचं दारच बदललेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. श्रावणात मी कॉलेजला जाणं बंद केलं. अम्मा विड्या वळायची, तिचे हात दुखायला लागले होते, आणि मी घरातली थोरली. रविवारी दुपारी सर आले. आमच्या घरात माग चालू असताना माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि आमचा माग वीज गेली तरच थांबायचा नाहीतर कुणी गेलं तर. त्या दिवशी नान्नांनी, म्हणजे वडिलांनी, तो सरांसाठी बंद केला. एवढ्या शांततेत मला माझंच घर परकं वाटलं. सरांनी शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. टॉवेलची किनार कशी धरतात ते विचारलं, चहा घेतला आणि मग अम्माकडे वळून मोडक्या हिंदीत विचारलं की पोरगी का येत नाही. अम्मा सुपातून मान वर न करता म्हणाली, “इसके हाथ गए तो मेरेकू हाथ कौन देंगा?” सर खूप वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले. म्हणाले, “सकाळी साडेसात ते अकरा माझ्याकडं द्या. अकरानंतर हात तुमचेच की.” सोमवारी मी वर्गात होते, आणि वहीत माझ्या नावापुढची पेन्सिल खोडलेली होती.

इतकं सगळं माहीत असताना मी जे केलं ते केलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्याच दिवशी मायाक्का कॉलेजच्या फाटकाशी मला बाजूला घेऊन गेली. ती मावशीकडे राहून शिकायची; मावसकाका चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. “पद्मे, आईचा पाय मोडलाय. मेंढरं घिऊन खाली कर्नाटकात जायाचंय आन् आबाला हात न्हाय. मी आट दिसांत येते. तंवर सरास्नी सांग, ताप आलाय म्हनून.” मी म्हटलं, खरंच सांगू या की. “खरं सांगितलंस तर सर घरला येत्याल. आबा लई रागीट हाय. चिडला तर कायमचंच बंद करंल. तुला माज्या गळ्याची आन.” मी शब्द दिला. मैत्रिणीला दिलेला शब्द त्या वयात फार मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुकारलं, “मायाक्का खरात.” मी उठले. “ताप आलाय सर.” सरांनी लिहिलं. आठ दिवस झाले, ती आली नाही. ‘उतरतोय सर, अशक्तपणा आहे.’ आजारी माणसाच्या घरी लगेच जाऊन त्रास देऊ नये अशी सरांची रीत होती आणि ती मला माहीत होती. माझं खोटं त्या रीतीच्या आडोशाला बसलं होतं. पंधरा दिवस झाले. आता खरं सांगावं तर आधीच्या पंधरा दिवसांचं काय, म्हणून पुन्हा ताप. तीन आठवडे, रविवार सोडून अठरा दिवस, मी रोज उठून तिला ताप आणत होते.

अठराव्या दिवशी सर आजारी विद्यार्थिनीला भेटायला म्हणून मावशीच्या घरी गेले. जाळीच्या पिशवीत चार मोसंबी घेऊन. मावशीनं दारातच विचारलं, “कसला ताप, सर? ती तर दिवाळीपासनं मेंढरामागं गेलीया.”

पुढच्या सकाळी सर वर्गात आले. हजेरी घ्यायच्या आधी माझ्या बाकापाशी येऊन ती पिशवी माझ्यासमोर ठेवली. “ताप आलेल्यानं खावीत,” म्हणाले, आणि फळ्याकडे वळून दख्खनच्या पठाराचे थर काढायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या तासाला मी एक अक्षर लिहिलं नाही. तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांना गाठलं, तर माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तेच बोलले. “चूक तुझी आहे, पण निम्मी. तीन आठवडे ताप लिहितोय मी, आणि एकदाही विचारलं नाही, औषध कुणाचं चाललंय म्हणून. मास्तर म्हणवतो स्वतःला!” मग आवाज उतरला. “पहिल्या आठ दिवसांत मेंढरं मंगळवेढ्याच्याच शिवारात होती. आता कुठं शोधायची?”

ती मोसंबी मी घरी नेली आणि कोनाड्यात ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. तिथंच ती सुकून खडे झाली.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी मला कामाला लावलं. मायाक्काचं नाव रोज पुकारलं जायचं आणि मी ती आज कुठं आहे ते सांगायचं. खरं. मावशीच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता आणि तिचे वडील, आबा, बाजाराच्या दिवशी जिथं असतील तिथून फोन करायचे. मी दर आठवड्याला त्या दुकानात जाऊन बसायची. “सर, चडचणजवळ आहे.” “सर, झळकीला.” सर वहीत लिहायचे. ऑफिसमधल्या कुणी तरी सुचवलं, सर, नाहीतरी तुमचीच वही, लावून टाका हजेरी. सर म्हणाले, “खोटी हजेरी लावणार नाही. नाव काढणार नाही. दोन्ही नाही.”

जानेवारीत एका रविवारी सर आणि मी तिला शोधायला निघालो. तरण्या मुलीला एकटीला कसं पाठवायचं म्हणून अम्माही आली. अम्मानं विड्यांचा खाडा केलेला मी तोवर पाहिला नव्हता. एसटीनं चडचण, तिथून जीप, मग बांधाबांधानं चालत. सर वाटेत भेटेल त्याला कन्नडमधून विचारत होते आणि मेंढ्या बसवल्या आहेत असं कळेल त्या रानाकडे आम्हाला वळवत होते. काढलेल्या तुरीच्या एका रानात शेवटी सापडली. काखेत कोकरू, तोंड रापलेलं. आम्हाला बघून ती हसलीही नाही, रडलीही नाही, कोकरू खाली ठेवायचंही विसरली.

आबा म्हणाले, “सर, तुमी आला, बरं वाटलं. पन पोरगी न्हाय सोडनार.” सर त्यांच्या घोंगडीवर बसले. “याके?” आबा चमकून हसले, वर्षातले सहा महिने कर्नाटकात काढणारा माणूस, त्यांना कन्नड येत होतं. मग दोघं कन्नडमध्ये कितीतरी वेळ बोलत राहिले आणि आम्ही बायका नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आबा मान हलवत होते ती नाही अशीच हलवत होते. मी वेळेवर खरं बोलले असते तर हे बोलणं मंगळवेढ्यात, दिवाळीच्या आठवड्यात झालं असतं, परीक्षेचा अर्ज भरून झाला असता. ते वर्ष तर गेलंच होतं. आता सगळंच जाणार होतं.

तेवढ्यात अम्मा उठली. माझ्या शिक्षणाला सगळ्यात जास्त नाकं मुरडलेली बाई ती. मायाक्काच्या आईच्या बांधलेल्या पायापाशी जाऊन बसली आणि तिला म्हणाली, “मेरी छोकरी झूट बोली. उसके वास्ते इसका साल गया. मेंढरां बारिश में वापस लाते ना तुम? तब भेजो इसकू. मेरे घर में रैंगी.” मायाक्काच्या आईला किती कळलं कोण जाणे. तिनं अम्माचा हात धरला आणि नवऱ्याकडे बघितलं. आबा लांब मेंढरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बघू की.”

सर ताबडतोब उठले. मी कळवळून म्हटलं, सर, अजून विचारा ना! वाटेत म्हणाले, “बघू की म्हणजे निम्मं झालं. जास्त ओढलं तर तुटतं.” येताना एसटीत, अम्मा खिडकीला डोकं टेकून झोपली होती तेव्हा, त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. कन्नड शाळेतून ते सोलापूरच्या कॉलेजात आले तेव्हा प्राध्यापकांचं मराठी त्यांना कळायचं नाही. पंधराव्या दिवशी ट्रंक उचलून गावी गेले. दोन वर्षं म्हशी राखल्या. “रोज वाटायचं, कुणीतरी येईल. वर्गातला एखादा पोरगा, शिपाई, कुणीही. येऊन फक्त विचारेल, याके? मी लगेच उठून आलो असतो की...” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कुणी आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं, मी गेलो म्हणून.”

जून आला. सरांची एक रीत होती, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ते नवी वही आणि जुनी वही दोन्ही घेऊन प्रथम वर्षाच्या वर्गात यायचे. आधी जुन्या वहीतली, पेन्सिलीत अडकलेली नावं वाचायचे आणि मग नवी. मी द्वितीय वर्षाला गेले होते, पण माझा तास बुडवून त्या वर्गाच्या दारात उभी राहिले. पहिल्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सर “मायाक्का” म्हणाले आणि आडनाव यायच्या आत शेवटच्या बाकावरून आवाज आला, “हजर सर!” मला दारातून दिसलीच नव्हती; मी निघाल्यावर आबांनी तिला सकाळच्या गाडीनं आमच्या घरी आणलं होतं आणि तिथून अम्मा तिला कॉलेजात घेऊन आली होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “हां. बसा,” म्हणाले. एवढंच. तीन वर्षं ती आमच्याकडे राहिली. विड्या बांधायला माझ्यापेक्षा चांगली शिकली, हे अम्मा अजून मला ऐकवते.

सगळेच परत आले असं मी लिहिलं तर सर रागावतील. जितक्या दारांत एम-एटी उभी राहिली त्यातली बरीच दारं उघडली नाहीत. अशा दिवशी सर वर्गात भूगोल जरा जास्तच जोरात शिकवायचे.

शेवटचं भेटले ते यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला. अक्कलकोट रोडच्या घरी सर खाटेवर होते, आवाज अगदी गेलेला. पेशंटकडे जाताना नेतात तशी मी सवयीनं मोसंबी घेऊन गेले होते. पिशवी बघितली आणि त्यांचे डोळे लकाकले. “ताप कुणाला आलाय?” मी ओशाळून हसले. वीस वर्षं मनात ठेवलेली माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि विचारलं, “तेव्हाची गोड होती का गं?” त्या कोनाड्यातली सुकलेली चार फळं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हणाले, “होती सर. फार गोड होती.” त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

गेल्या रविवारी मी आणि मायाक्का सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो. काकूंनी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली. “शेवटी शेवटी ह्याच बघत बसायचे. तुमची कुठली, ते तुम्हीच शोधा,” म्हणाल्या आणि चहाला आत गेल्या. आमच्या वर्षाची वही तळाशी सापडली. पेन्सिल तशीच दोऱ्याला लोंबत होती. मायाक्कानं आपली ओळ शोधली आणि कंडक्टरच्या आवाजात, बोट पुढे सरकवत, एकेक थांबा वाचत गेली. “चडचण... चडचण... झळकी... होर्ती... अगं, हितं तर आमी धा दिस हुतो, हितंच माजी शेळीची पाट मेली... इंडी...” त्या ओळीत तिच्या मेंढरांचं अख्खं वर्ष चालत होतं. ओळ संपल्यावर पानाच्या कडेला, समासात, शाईनं एक शब्द लिहिला होता. आली.

मायाक्का त्या शब्दाकडे बघत बसली. माझी नजर मात्र उलटी, मागे गेली, चडचणच्या आधीच्या चौकटींकडे. त्या अठराच्या अठरा रिकाम्या होत्या. मी वही खिडकीशी नेली. खोडलं होतं. इतकं निगुतीनं की तेवढ्या जागी कागद विरळ झाला होता आणि त्यातून ऊन दिसत होतं. कधी खोडलं असेल? त्या जूनमध्ये, की परवा, खाटेवर पडल्या पडल्या? काकूंनाही ते सांगता आलं नाही. मायाक्का शेजारी येऊन उभी राहिली, तिनं कागदातून बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं. “तीन आठवडे ताप! मेले असते की गं मी.” आम्ही दोघी हसलो, मग हसता हसता थांबलो.

माझं पहिलं खोटं सरांनी असं खोडून ठेवलं होतं, मला न सांगता. दुसरं, मोसंब्यांचं, अजून माझ्याकडे आहे. ते खोडायला आता सर नाहीत.